दोरीवरच्या चड्ड्या

चड्डी कोरडीच होती. मावशीने ती नळाखाली धरली, चांगली भिजू दिली, पिळली, झटकली आणि न्हाणीघराच्या खिडकीतल्या आखूड दोरीवर चिमटा लावून टाकली. मग कपाटातून आणखी एक काढून आणली. पिवळी, पुढे बदकाचे चित्र असलेली. सकाळपासून ती कुणाच्या अंगाला लागलेली नव्हती. तीही नळाखाली गेली.

आतल्या खोलीत गोटी झोपली होती. खरे नाव भारदस्त होते, पण ते कागदोपत्री; इतकी गोल आणि इतकी घरभर घरंगळणारी पोर गोटीच व्हायची. झोपायच्या आधी ती आपणहून पॉटवर जाऊन बसली होती, आपणहून उठली होती, "झाली" असे सांगून अंथरुणात शिरली होती. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. गेल्या नऊ दिवसांत तिने एकदाही चड्डी ओली केली नव्हती. दोरीवर मात्र रोज दोन, एखाद्या दिवशी तीन चड्ड्या लोंबत होत्या.

ही दोरी मावशीचीच कल्पना. गोटीला शू-शीची सवय लावायचे ठरले तेव्हा पहिल्याच दिवशी तिने गोटीच्या आईला, म्हणजे ताईंना, बजावले होते.

"केली का, कुठे केली, किती वेळा केली, हे पोरीसमोर विचारायचं नाही. तुम्हाला वाटतं तिला काही कळत नाही. सगळं कळतं. ओल्या झालेल्या मी धुऊन या दोरीवर टाकीन. बाकीचे कपडे गॅलरीत. तुम्ही आल्यावर हात धुवायला जाल तेव्हा बघायचं, मनात मोजायचं आणि गप्प बसायचं."

ताई इस्पितळात एक्स-रे काढायच्या. त्यांना हे पटले. "आमच्याकडेही असंच चालतं, मावशी. आम्ही नुसतं बघायचं. बोलायचं ते डॉक्टरांनी."

गोटीचे वडील कामानिमित्त दुसऱ्या गावी असत, पंधरवड्याने यायचे. त्यामुळे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हे घर गोटीचे आणि मावशीचे होते.

मावशीच्या हाताखालून आजवर अकरा पोरे गेली होती, गोटी बारावी. या कामात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. दुसऱ्या बायका गोळ्या-चॉकलेटांची लालूच दाखवत, टाळ्या वाजवत, नाहीतर डोळे वटारत. मावशी यातले काही करत नसे. ती आधी तीन दिवस नुसती बघत बसायची. प्रत्येक पोराची एक खूण असते, असे तिचे म्हणणे. एक मुलगा शू लागली की स्वतःचा कान धरायचा, एक मुलगी पडद्यामागे जाऊन उभी राहायची. गोटी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवायची, तो मध्येच बंद पडला की समजायचे. मग मावशी काही न बोलता तिला पॉटवर नेऊन बसवायची. झाली तर "झाली का? चला" आणि नाही झाली तरी "चला". टाळ्या का नाहीत, असे ताईंनी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आज टाळ्या वाजवल्या तर उद्या ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी तिला वाटेल, आपण वाईट झालो. शूच ती. त्यात चांगलं काय आणि वाईट काय?"

इतके शहाणपण असलेली बाई कोरड्या चड्ड्या भिजवत होती. आणि त्याला कारण होते, एका चष्म्याच्या दुकानात घडलेली एवढीशी गोष्ट.

तीन महिन्यांपूर्वी मावशी चष्म्याची काडी बसवून घ्यायला गेली होती. दुकानात काउंटरमागे एक तरुण मुलगी होती, बाविशीची असेल. काडी बसवायला तिने मान खाली घातली आणि मावशीला तिच्या डाव्या कानामागचा तांबूस डाग दिसला. त्या डागावरून मावशीचा साबणाचा हात दोन वर्षे रोज फिरला होता. पडद्यामागे उभी राहणारी ती हीच. मावशीच्या काळजात लख्ख झाले. तिने त्या मुलीला घराची खूण सांगितली, आईचा व्यवसाय सांगितला, लहानपणचे लाडाचे नाव सांगितले. मुलगी चांगली होती. तिने सगळे हसून ऐकून घेतले, खुर्ची पुढे केली.

"खरंच की, हे नाव फक्त घरातल्यांना माहितीये," ती म्हणाली. "पण सॉरी हं, मला तुम्ही अजिबात आठवत नाही. आईला सांगते, काय नाव सांगू?"

"राहू दे," मावशी म्हणाली. "सहज विचारलं."

दुसऱ्या दिवशी तिने भाजी निवडता निवडता ताईंना विचारले होते, "माणसाला किती लहानपणचं आठवतं हो?"

"तिनाच्या आतलं काही राहत नाही म्हणतात," ताई म्हणाल्या. "साडेतीन-चारपासून थोडं थोडं राहतं. का हो?"

"काही नाही. आपलं असंच."

पण ते असेच नव्हते. मावशीला बाळंतपणानंतर कामाला बोलावत आणि पोर बालवाडीत जायला लागले की निरोप देत. म्हणजे तिसरे वर्ष सरायच्या आधी किंवा सरता सरता. अकरा पोरांना तिने भरवले, न्हाऊ घातले, त्यांच्या तापात रात्री काढल्या, आणि त्यातल्या एकाच्याही डोक्यात ती नव्हती. कुणी तिला विसरले असेही म्हणता येत नव्हते, कारण विसरायला आधी लक्षात राहावे लागते. तिचे लग्न झाले नव्हते आणि का झाले नव्हते हे विचारणारी माणसेही आता उरली नव्हती. भावाच्या घरी बाहेरच्या खोलीत एक पलंग तिचा होता. भाऊ-भावजय वाईट नव्हते. पण आपण कुणाच्या आयुष्यात होतो, असे ठणकावून सांगावे तर ती अकरा पोरेच होती, आणि ती तर साफ कोरी निघाली. गुडघे आता बोलू लागले होते. गोटीनंतर तिला कुणी कामाला ठेवील असे तिला वाटत नव्हते.

बालवाडी वर्षातून दोनदा मुले घ्यायची. अट एकच आणि ती लेखी: मूल सलग पंधरा दिवस कोरडे राहिलेले असले पाहिजे, तसे आईने किंवा वडिलांनी सही करून द्यायचे. आता जमले तर गोटी तिसरे पूर्ण होता होता बालवाडीत जाणार होती. नाही जमले तर सहा महिन्यांनी, साडेतीन वर्षांची होऊन. मावशीने हा हिशोब बोटांवर कितीतरी वेळा केला. फक्त सहा महिने.

तरी खोटे बोलायचे असे तिने ठरवले नव्हते. एका दुपारी गोटीच्या चड्डीवर दूध सांडले. मावशीने चड्डी धुतली आणि हाताच्या सवयीने त्या आखूड दोरीवर टाकली. संध्याकाळी ताई हात धुऊन बाहेर आल्या आणि गोटीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "आज परत? आता पहिल्यापासून पंधरा दिवस मोजायचे." दूध सांडलं, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. मावशीने तोंड उघडले आणि मिटले. दुसऱ्या दिवशी दूधही सांडले नाही आणि काहीच झाले नाही, तरी दोरीवर दोन चड्ड्या होत्या.

असे नऊ दिवस गेले. प्रवेशाची मुदत सोमवारी संपत होती. ताईंना इस्पितळात सकाळच्या पाळीची जागा मिळत होती, पण गोटी बालवाडीत गेली तरच ते जमणार होते. रोज हात धुऊन बाहेर येताना त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. तरी त्या बोलत नव्हत्या. दहाव्या दिवशी दोरीवर तीन होत्या. ताई टॉवेलला हात पुसत बाहेर आल्या, गोटीसमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी मावशीचा नियम मोडला.

"गोटी, आज चड्डीत किती वेळा केलीस?"

गोटीने आधी मावशीकडे पाहिले. मग म्हणाली, "नाही केली."

"मग त्या तीन ओल्या चड्ड्या कुणाच्या?"

"माझ्या."

"मग?"

"मी पॉटमध्ये केली."

"हे बघ, केली तर केली म्हणायचं. मी रागवत नाही. पण खोटं बोललेलं मला आवडत नाही."

"नाही केली," गोटी म्हणाली. खालचा ओठ पुढे आला होता, पण ती रडली नाही.

"इतकी खोटारडी कधी झालीस गं तू?" ताई म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. दिवसभर उभे राहून पाय दुखत असलेल्या बाईचा तो वैताग होता, त्यात फार राग नव्हता. पण गोटी होती तिथेच उभी राहिली. तिने पुन्हा मावशीकडे पाहिले. खरे काय ते त्या घरात दोघींनाच माहीत होते, आणि त्यातली एक तीन वर्षांचीही नव्हती.

मावशीच्या पायात चपला होत्या, खांद्याला पिशवी होती. "येते मी," असे म्हणून ती जिना उतरली. उतरताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली की काहीतरी विचारणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे तिने बघितलेही नाही.

दुसऱ्या दिवशी गोटी गप्प होती. तोंडाचा पट्टाच बंद, त्यामुळे खूण ओळखायची सोय उरली नाही. खेळता खेळता ती मध्येच थांबे, चड्डीला हात लावून बघे आणि मावशीला विचारी, "ओली आहे?"

"नाही गं, राणी. कोरडी आहे."

दोन मिनिटांनी पुन्हा, "आता?"

पॉटवर ती पंधरा वेळा जाऊन बसली. होत काहीच नव्हते. दुपारी ती बराच वेळ दिसेना म्हणून मावशीने हाका मारल्या, तर ती कपाटामागच्या फटीत अंग चोरून उभी. पायांखाली ओले होते. मावशीने तिला उचलून घेतले तेव्हा ती एखाद्या लाकडासारखी ताठ झाली. इतके दिवस खोटे बोलणारी दोरी त्या दिवशी खरे बोलली. संध्याकाळी ताई काही बोलल्या नाहीत. आदल्या दिवशीच्या बोलण्याचे त्यांनाच वाईट वाटले असावे. गोटी मात्र आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

त्याच्या पुढच्या दिवशी मावशीने मनाशी ठरवले की आजपासून दोरीवर काही टाकायचे नाही. झाले तेवढे पुरे, कुणाला काही सांगायचीही गरज नाही, पोर चार दिवसांत पूर्वीसारखी होईल. माणूस स्वतःला असे बरेच काही समजावतो. दिवस बराही गेला. गोटी कोरडी होती. पाच वाजता मावशी दूध गरम करत होती आणि गोटी न्हाणीघरात गेली. बराच वेळ आवाज नाही म्हणून मावशी बघायला गेली.

गोटी पॉटवर बसली नव्हती. मान उंच करून ती खिडकीतल्या रिकाम्या दोरीकडे बघत होती.

"काय बघतेस गं?"

"माझ्या कुठंयत?"

"काय कुठंय?"

"शूच्या चड्ड्या."

"आज नाहीच केलीस तू. आज सगळी पॉटमध्ये केलीस."

गोटीने मान हलवली. ती चांगल्यापैकी विचारात पडली होती. "नाही," ती म्हणाली. "केली मी. दोन केल्या."

"नाही केलीस, राणी. मी होते ना."

"केली म्हणायचं," गोटी तिला समजावत म्हणाली. "आई विचारेल ना. खोटं नाही बोलायचं."

मावशीने तिथल्या बादलीच्या काठाला धरले. पोरीला आपण काय केले हे आता अंगाला विचारून कळत नव्हते, दोरीला विचारावे लागत होते. अकरा पोरांना जे शिकवले, त्याच्या बरोबर उलटे हिला शिकवून झाले होते. आणि मग तिला आणखी एक सुचले. महिन्याभरात गोटीला तीन पूर्ण होणार होती. माणसाचे आठवायला लागते ते याच सुमारास. तिच्या डोक्यात पहिली म्हणून जी गोष्ट राहील ती हीच राहिली तर? खरे बोलले, कुणाला पटले नाही, आणि मावशी दारात उभी राहून ऐकत होती. मावशीला लक्षात राहायचे होते. ती आता राहील, पण अशी.

सहा वाजता ताई आल्या. त्या न्हाणीघराकडे वळल्या तशी मावशी आडवी आली.

"आज दोरी बघू नका. आधी बसा."

ताई घाबरल्या. "गोटीला काही झालंय?"

"गोटी चांगली आहे. मी काय केलंय ते ऐका."

मावशीने उभ्यानेच सगळे सांगितले. दुधापासून आजच्या रिकाम्या दोरीपर्यंत. काही लपवले नाही, रडलीही नाही. ताई ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांनी गळ्यातले इस्पितळाचे ओळखपत्र काढून टेबलावर ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले.

"पण का, मावशी? नोकरी जाईल म्हणून? मी तुम्हाला दुसरं काम बघून दिलं असतं."

"नोकरीचं नाही," मावशी म्हणाली. मोठ्याने सांगताना तिला ते फार बारीक आणि वेडगळ वाटले. "अजून सहा महिने मिळाले असते तर तिला मी आठवले असते."

ताईंनी ओळखपत्र बाजूला सारले.

"मी तुमचे फोटो दाखवले असते तिला. रोज तुमचं नाव काढलं असतं."

"ते तुमचं आठवणं झालं असतं, ताई. तिचं नाही."

"मी तिला खोटारडी म्हटलं," ताई म्हणाल्या. "माझ्या पोटच्या पोरीला. आणि तुम्ही तिथे उभ्या होतात."

"होते."

"एक शब्द बोलला नाहीत. येते म्हणालात आणि गेलात."

"गेले."

बाहेरच्या खोलीतून गोटीने ठोकळे ओतल्याचा आवाज आला.

"उद्यापासून तुम्ही येऊ नका," ताई म्हणाल्या. "मला तुमच्यावर आता सोडता नाही यायचं तिला."

"नाही येणार. फॉर्म मात्र भरा. पोर केव्हाचीच कोरडी आहे. कालची एक झाली ती माझ्या पापाची, ती तिच्यात धरू नका."

मावशी पिशवी घ्यायला वळली तेव्हा ताई म्हणाल्या, "एक करून जा. तिला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती विचारेल का, आणि मला सांगता येणार नाही."

मावशी गुडघ्यांवर हात ठेवून, दोन हप्त्यांत जमिनीवर बसली. गोटी ठोकळ्यांचा जिना करत होती. ताई दाराशी उभ्या होत्या.

"गोटी, माझ्याकडे बघ. त्या दोरीवरच्या चड्ड्या होत्या ना, त्या तू ओल्या केल्या नव्हत्यास. मी केल्या. नळाखाली धरून. तू कोरडी होतीस. तू आईला सांगितलंस ते खरं होतं."

गोटीने हातातला ठोकळा खाली ठेवला. "मी नाही केली?"

"नाही केली."

तिने आईकडे पाहिले. ताईंनी मान हलवली. "नाही केलीस, बाळा. माझं चुकलं."

"मी नाही केली," गोटी म्हणाली. मग जरा मोठ्याने, "मी नाहीच केली." मग ती मावशीकडे वळली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. एवढ्याशा कपाळावर ती आठी फार मोठी दिसत होती. "तू केलंस?"

"मी केलं. माझं चुकलं."

"मग तू घरी जायचं नाही," गोटीने शिक्षा सुनावली. तिने भिंतीकडे बोट दाखवले. "तिथे बस. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

ताई काही म्हणणार होत्या. मावशीने हातानेच त्यांना थांबवले, सरकत भिंतीपाशी गेली आणि पाठ टेकून बसली. गोटी थोडा वेळ तिच्यावर नजर ठेवून होती. मग ठोकळ्यांकडे वळली. जिना झाला, तो पडला, पुन्हा केला. हळूहळू ती पुटपुटायला लागली, मग बोलायला लागली, जिन्यावरून कोण कोण चढले आणि कोण घसरले ते एकेकाचे नाव घेऊन सांगू लागली. मध्येच गप्प झाली, उठली, न्हाणीघरात गेली, आली, आणि कुणालाही काही न सांगता पुन्हा खेळायला बसली. ताईंनी दिवा लावला. मावशीच्या बाजूला पाण्याचा पेला आणून ठेवला. मावशीचे गुडघे आता चांगलेच ठणकत होते, पण तिने पाय लांब केले नाहीत. शिक्षा ती शिक्षा.

अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. गोटी तिच्यासमोरून दोनदा गेली, तिच्या पायांवरून ठोकळ्यांची गाडी नेली, आणि तिला काही म्हणाली नाही. मावशी इथे का बसली आहे, हे ती विसरून गेली होती.

मावशीने ते बघितले. उरात कळ आली, आणि तिच्या मागोमाग इतके हायसे वाटले की तिला डोळे मिटून घ्यावे लागले. एवढ्यात विसरली. म्हणजे बाकीचेही विसरेल. आजवर पोरांच्या ज्या विसरण्यापायी ती झुरली होती तेच आज तिला मनोमन हात जोडून मागावेसे वाटत होते, आणि ते समोर खेळत होते.

भिंत धरून ती उठली. पाणी प्यायली, पेला मोरीत नेऊन विसळला, पालथा घातला. चपला हातात घेतल्या, म्हणजे वाजणार नाहीत. गोटीची पाठ दाराकडे होती. मावशीने दार ओढून घेतले आणि अनवाणीच जिना उतरायला लागली.